नमुना एकेचाळीस

पहाटे वडगावात एकच माग सुरू असतो.
त्याच्या ठेक्यावर मकतुमसाबची सुरी चालते,
की सुरीच्या ठेक्यावर माग,
तीन वर्षांत मला कळलेलं नाही.

मी काडीवरचा कापूस ओंडक्यावर घासते,
उभा दहा वेळा, आडवा दहा वेळा.
"काय करालाय ओ मॅडम, लाकडाला हळद लावालाय?"
तो हसतो. गिऱ्हाईकही हसतं.
मी नळीवर लिहिते: सत्तावीस.
नाव लिहायचं नाही, असं ठरलंय.
नाव लिहिलं की माणूस गुन्हेगार होतो,
आकडा लिहिला की शास्त्र.

ड्रममधलं पाणी अठ्ठावीस.
सकाळपासून चाळीस कोंबड्या त्यात बुडून निघाल्यात;
पहिलीसाठी ते पाणी होतं, शेवटचीसाठी सार.
खांद्यावरचं फडकं एकोणतीस.
ते पुढं करताना मात्र तो जरा लाजला.
"धुतलंय की ओ, कालच."

दुसऱ्या गेटला पॅसेंजर आडवी.
डब्यात बर्फ वितळतो, शेजारी टेम्पोत खुराडी:
पिल्लं कोल्हापूरकडची, दाणा गोकाकचा,
टेम्पोवर कन्नड, पावतीवर मराठी.
जाळीतून एक कोंबडी बघते माझ्याकडे,
एकाच डोळ्यानं, त्यांना तसंच बघता येतं.
तक्त्यात एक रकाना आहे: मूळ ठिकाण.
तो मी रोज रिकामा सोडते.

सदतीस अंश. अंगात असते तेवढीच ऊब.
दुसऱ्या दिवशी लाल ताटल्यांत
काळ्या बुबुळांचे ठिपके जागे होतात.
सत्तावीसमध्ये काही नाही!
रोज रात्री तो ओंडक्यावर खडं मीठ रगडतो,
उकळतं पाणी ओततो, आजा ओतायचा म्हणून.
मी हसले. होसमनी सर म्हणाले,
"आनंदबिनंद इरली बिडरी, पुढची ताटली."
एकोणतीस. फडकं.
ताटलीभर डोळे.

त्यांच्यावर औषधाच्या सहा चकत्या ठेवल्या.
चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडायला हवं,
नवा फौजदार आला की चौक मोकळा होतो तसं.
दोघींना मिळालं.
बाकी चौघींना टेकून जंतू बसलेले,
पारावर बसावेत तसे, पाय पसरून.

एकेचाळीसची गोष्ट मी सरांना सांगितली नाही.
रविवारी कोंबडी आणली, मकतुमसाबकडूनच.
नळाखाली खळखळून धुतली, आई धुवायची तशी,
तीन पाण्यांनी, स्वच्छतेच्या समाधानानं.
बाजूला चिरलेली काकडी होती,
भाच्याचा दुधाचा पेला होता.
मग का कोण जाणे,
पिशवीत उरलेली काडी काढली
आणि सिंकच्या काठावर घासली,
उभा दहा वेळा, आडवा दहा वेळा.

फडक्याहून जास्त. मोजता येईनात.
काचेतून ते माझ्याकडे बघत होते
आणि मी त्यांना नाव द्यायला घाबरत होते.
शेवटी लिहिलं: नमुना ४१, घरगुती, शहर.

मकतुमसाबला सांगायचं मी पाठ करून गेले होते:
फडकं रोज तीन बदला, ड्रमचं पाणी तासाला.
तोंडातून निघालं,
"आमच्या घरातबी सापडलंय."
सुरी थांबली.
गिऱ्हाईक नव्हतं, बरं झालं.
"मग? तुम्ही काय करालाय आता?"
"धुवायचं सोडलं. तशीच पातेल्यात टाकते.
हाडाजवळचं लाल जाईस्तोवर शिजवते.
हात धुते. परत धुते."

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं,
नीट घडी घातली,
पण ठेवायचं कुठं ते सुचेना,
घडी हातात घेऊन उभा राहिला,
पाहुण्याला द्यायचा टॉवेल धरावा तसा.

मग ऐकू आलं, म्हणजे ऐकू येईना:
माग बंद पडला होता.
लाईट गेली.
मी डबा तिथंच टाकून पळाले,
इन्क्युबेटरला इन्व्हर्टर नाही.